दाणे आले तरी चालतील, चेहरा हवा

अब्बांच्या शेवटच्या रमजानमधले नऊ फोटो माझ्याकडे आहेत. तरावीह आटोपून आम्ही मोहम्मद अली रोडवर मालपुवा खायला थांबलो होतो. मागे मिनारा मशिदीची रोषणाई. नवाच्या नऊ फोटो हललेले. दिव्यांच्या रेघा झाल्यात आणि अब्बांच्या चेहऱ्याच्या जागी पांढरट डाग उरलाय. पुढच्या रमजानला ते नव्हते.

बरीच वर्षं मी कॅमेऱ्याला बोल लावला. चूक माझीच होती. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी तो ४०० वर बांधून ठेवला. उजेड कमी, तेव्हा कॅमेऱ्याने शटर १/८ सेकंद उघडं ठेवलं. तेवढ्यात माझा हात हलला आणि अब्बांनी घासही तोंडात घातला. तोच आयएसओ ३२०० केला असता, तर शटर १/६० ला मिटलं असतं. दाणे आले असते, पण अब्बा दिसले असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रात्री माणसाचा फोटो काढताना दाण्यांना घाबरू नका. दाणे नंतर संगणकावर थोडे कमी करता येतात. हललेला चेहरा सहसा परत मिळत नाही.

‘ट्रायपॉड घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. नुसती मशीद टिपायची असेल तर तो बरोबर आहे. तो नसेल तर कॅमेरा कठड्यावर ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्काही लागत नाही. पण रमजानच्या त्या गर्दीत ट्रायपॉडचे पाय टेकवायचे कुठे? शिवाय ट्रायपॉड कॅमेऱ्याला स्थिर ठेवतो, जेवणाऱ्या माणसाला नाही. तिथे शटरच वेगवान हवं. कोपरं अंगाशी घ्या, खांबाला टेका आणि एका दमात तीन-चार फोटो घ्या. त्यातला एखादा नेमका येतो.

फ्लॅशबद्दल माझी तक्रारच आहे. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोचतो. रोषणाईवर त्याचा उपयोग शून्य, आणि समोरच्याचा चेहरा पांढराफटक होऊन मागची सगळी रात्र काळी पडते. नमाज पढून येणाऱ्याच्या डोळ्यांवर असा झोत मारणं मला तरी बेअदबीचं वाटतं. त्याऐवजी माणसाला मिठाईच्या दुकानाच्या दिव्याजवळ दोन पावलं घ्या. फोकस डोळ्यांवर धरा.

पैसे खर्चायचेच असतील तर नव्या कॅमेऱ्याआधी ५० मिमी, एफ १.८ ची लेन्स बघा. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स ५० मिमीच्या आसपास एफ ५.६ ला अडते. तिच्यापेक्षा ही नऊपटीहून अधिक उजेड आत घेते.

आणि फोटो काढल्यावर पडद्यावर मोठा करून बघा. लहान पडद्यावर सगळेच फोटो चांगले दिसतात. त्या रात्री मलाही दिसले होते. जागेवरच बघितलं असतं, तर अब्बांना म्हणालो असतो, ‘एक मिनिट थांबा, पुन्हा काढतो.’

गेल्या रमजानमध्ये त्याच जागी, त्याच कॅमेऱ्याने अम्मीचा फोटो काढला. तो बघून ती म्हणाली, “रवा सांडल्यासारखा दिसतोय की रे.” दिसू दे. तिच्या ओढणीची किनारसुद्धा त्यात मोजता येते.