रतीब बंद करण्याआधी

२००६ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शहरातल्या मध्यमवर्गातले, झोपडपट्ट्यांतले आणि आसपासच्या खेड्यांतले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष त्यांनी तपासले होते. त्यांतल्या ६७ टक्के जणांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी भरलं. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के निघालं. ज्या वर्गाच्या घरी रोज सकाळी दुधाची पिशवी येते, साय साठते, लोणी कढतं, त्याच वर्गाची ही अवस्था. शाकाहार हे त्यामागचं एक ठळक कारण होतं.

आता याच शहरात प्रौढांनी दूध सोडावं, असा सल्ला जोरात दिला जातो आहे. बाणेर-औंधपासून कोरेगाव पार्कपर्यंतच्या कॅफेंत कॉफीसाठी ओट, बदाम आणि सोयाचे पर्याय मिळतात, किराणा दुकानांच्या फळ्यांवर त्यांचे डबे दिसतात, आणि घराघरांत तरुण मुलं आईवडिलांना रतीब बंद करायला सांगतात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण हा सल्ला पुण्यातल्या शाकाहारी माणसाला जसाच्या तसा लागू केला, तर आधीच रिकाम्या असलेल्या भांड्यातलं उरलंसुरलंही सांडेल. म्हणून त्याची कसून तपासणी व्हायला हवी.

दूध सोडा म्हणणाऱ्यांचा पहिला युक्तिवाद निसर्गाचा आहे. मोठेपणी दूध पिणारा, तेही दुसऱ्या प्राण्याचं, माणूस हा एकटाच प्राणी आहे, असं ते सांगतात. विधान बरोबर आहे, पण त्यातून निष्कर्ष काहीच निघत नाही. धान्य पेरणारा, अन्न शिजवणारा, डाळ भिजवून मोड आणणारा प्राणीही माणूस एकटाच. कच्छमधल्या कोटडा भाडली इथल्या हडप्पाकालीन वस्तीत सापडलेल्या खापरांमध्ये दुधातल्या स्निग्धाचे अंश मिळाल्याचं २०२० साली प्रसिद्ध झालं. तिथल्या उत्खननात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रबोध शिरवळकर होते. ही खापरं साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची आहेत. इतकी जुनी सवय आपोआप हितकारक ठरत नाही, हे खरं. मात्र तिला अनैसर्गिक म्हणून निकालात काढता येत नाही.

दुसरा युक्तिवाद पचनाचा, आणि त्यात तथ्य आहे. बालपण संपल्यावर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर बहुतेकांच्या शरीरात कमी होत जातं. ते टिकवून धरणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळतो. देशभराचा विचार केला तर पाचांतल्या साधारण एकाकडे तो असतो, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. मोठा पेला रिकाम्या पोटी घेतल्यावर ज्याचं पोट फुगतं, गुडगुडतं, त्याचा त्रास खरा आहे. त्याला 'सवय कर' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पण विकर कमी असलेल्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी पेलाभर दूध जेवणाबरोबर चालतं. आणि महाराष्ट्रातला प्रौढ माणूस कोरं दूध पितोच किती? त्याच्या पोटात दूध जातं ते दही, ताक, कढी, मठ्ठा यांच्या वाटेनं. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग स्वतःच खाऊन टाकतात आणि उरलेला पचवायला आतड्यात मदत करतात. दूध बाधणाऱ्या माणसाला दहीभात बाधत नाही, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि त्याचं कारण हेच आहे. ज्याला दुधातल्या प्रथिनाची खरीखुरी ॲलर्जी आहे, त्याची गोष्ट अर्थातच वेगळी. त्यानं दूध टाळलंच पाहिजे.

तिसरा मुद्दा हाडांचा. दुधानं हाडं बळकट होत नाहीत, उलट मोडतात, असं सांगताना २०१४ सालच्या स्वीडनमधल्या अभ्यासाचा हवाला दिला जातो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या या अभ्यासात ६१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. दिवसाला तीन किंवा अधिक पेले दूध पिणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं आणि अस्थिभंगाचं प्रमाण जास्त आढळलं. इथवरचं सगळे सांगतात. पुढचं क्वचितच कुणी सांगतं. हा निरीक्षणातून काढलेला संबंध आहे, तो जपून वाचा, असं संशोधकांनीच लिहिलं होतं. आणि त्याच अभ्यासात आंबवलेले दुग्धपदार्थ खाणाऱ्या स्त्रियांमध्ये ही प्रमाणं कमी दिसली होती. रोज तीन-चार पेले दूध पिणाऱ्या स्वीडनमधल्या बाईवरून सदाशिव पेठेतल्या वाटीभर दह्यावर निकाल देणं हा पुराव्याचा गैरवापर आहे.

आता डब्यांकडे वळू. बदामाच्या पेयाचा डबा उलटा करून घटकांची यादी वाचली, तर पहिला शब्द पाणी असतो. बदामाचं प्रमाण शंभरात दोन-तीन भाग इतकंच लिहिलेले डबे बाजारात आहेत. म्हणजे पेलाभर पेयात पाचएक बदाम. त्यापुढे साखर, मीठ, घट्टपणा आणणारी द्रव्यं. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण ३.२ ग्रॅम प्रथिनं असतात. बदामाच्या पेयात बहुधा एक ग्रॅमही नसतात, ओटच्या पेयात एकाच्या आसपास. किंमत मात्र दुधाच्या पिशवीच्या कित्येक पट. सोयाचं पेय तेवढं प्रथिनांत दुधाच्या बरोबरीला येतं. अमेरिकेच्या २०२०-२५च्या आहार-मार्गदर्शक तत्त्वांनी वनस्पतिजन्य पेयांपैकी दुधाच्या गटात जागा दिली ती एकट्या पोषणमूल्य वाढवलेल्या सोयापेयाला, त्याचं कारण हेच.

कॅल्शियमचा प्रश्न दुधाविना सुटू शकतो, हे मान्य करायला हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात हजाराच्या वर. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि पालेभाजी नेमानं खाणाऱ्याला केवळ कॅल्शियमसाठी दूध प्यायची गरज नाही.

अडतं ते बी-१२ पाशी. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही. गाईम्हशींच्या कोठीपोटातले जिवाणू ते तयार करतात, तिथून ते दुधात उतरतं. जो मांस, मासे, अंडी खात नाही, त्याच्या ताटात बी-१२ चा नैसर्गिक स्रोत उरतो तो दूध आणि दुधाचे पदार्थ. इडलीच्या पिठातून, शिळ्या भाकरीतून किंवा स्पिरुलिनातून ते मिळतं, हा समज धोक्याचा आहे. स्पिरुलिनात आढळतं ते बहुतांशी शरीराच्या उपयोगी न पडणारं रूप असतं. कमतरता वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. मग हातापायांना मुंग्या येतात, थकवा जात नाही, विसरायला होतं, चालताना तोल जातो. गर्भार बाईत ती असली, तर झळ बाळापर्यंत पोहोचते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासानं ही गोष्ट जगासमोर मांडली आहे.

यावर दुधाचे भक्त म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो. त्यांचंही तपासू. ८१ टक्क्यांचा आकडा दूध घेणाऱ्या घरांतूनच आला, हे ते विसरतात. दोन कप चहात जेमतेम शंभर मिलिलिटर दूध पडतं, आणि तेही खळखळून उकळलेलं. तूप आणि लोणी हे स्निग्ध. त्यांच्यातून बी-१२ जवळपास मिळत नाही. जाड सायीच्या हौसेपायी पाश्चराइज्ड पिशवीचं दूध पुन्हापुन्हा उकळलं, की बी-१२ चा आणखी काही भाग नष्ट होतो. 'आमच्याकडे दूधदुभतं आहे' म्हणणं आणि ते पुरेसं पोटात जाणं, यांत फार अंतर पडतं. के. ई. एम. मधल्या दुसऱ्या एका चमूनं २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाकाहारी तरुणांना नेमानं रोज दूध दिलं, तेव्हा त्यांची बी-१२ ची पातळी सुधारली. रोज आणि पुरेसं, हे दोन शब्द इथे महत्त्वाचे.

देशी गाईच्या 'ए-२' दुधाचे चमत्कारही या भक्तांच्या तोंडी असतात आणि त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजले जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे वेष्टनांवरून काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. आदेश मागे गेला म्हणून पुरावा तयार झाला नाही. साध्या पिशवीतल्या दुधापेक्षा ए-२ दूध प्रौढांच्या प्रकृतीला अधिक हितकारक असल्याचं ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

भेसळीच्या भीतीबद्दलही बोललं पाहिजे. याच प्राधिकरणाच्या २०१८च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले, त्यांतल्या १२ नमुन्यांत आरोग्याला घातक भेसळ सापडली. खरी चिंता निघाली ती अफ्लाटॉक्सिनची: बुरशी लागलेल्या चाऱ्यातून आणि पेंडीतून उतरणारं हे विष ५.७ टक्के नमुन्यांत मर्यादेबाहेर होतं. यावरचा इलाज गोठ्यातल्या कोरड्या चाऱ्यात आणि डेअरीतल्या तपासणीत आहे.

राहिला सदसद्विवेकाचा युक्तिवाद. तो सगळ्यांत बळकट आहे आणि त्याला उडवून लावणं अप्रामाणिक ठरेल. अधिक दूध काढण्यासाठी गाईम्हशींवर होणाऱ्या 'फुक्या'च्या क्रूर प्रकाराबद्दल वाचून गांधीजींनी १९१२ साली दूध सोडलं. मोठ्या आजारपणानंतर १९१९ मध्ये कस्तुरबांच्या आग्रहावरून ते शेळीच्या दुधावर आले, येरवड्याच्या तुरुंगातही ते त्यांच्या आहारात होतं, आणि व्रताचा आत्मा आपल्या हातून मोडला ही खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. दुधाला वनस्पतीतून पर्याय मिळावा, ही त्यांची तळमळ अखेरपर्यंत होती. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोगही केले.

आजचं दुखणं वेगळं आहे. संकरित गाईचा गोऱ्हा औताला चालत नाही आणि ट्रॅक्टरच्या दिवसांत त्याची गरजही उरलेली नाही. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. परिणामी गोऱ्हे आणि भाकड गाई यांना सांभाळण्याचा बोजा एकट्या शेतकऱ्यावर पडतो, आणि त्याला तो पेलला नाही की जनावर उपाशी राहतं किंवा मोकाट सुटतं. हा दुग्धव्यवसायाचा डाग आहे. कालवडच व्हावी म्हणून तयार केलेल्या रेतमात्रांनी तो कमी होऊ शकतो, पण त्या प्रत्येक गोठ्यापर्यंत रास्त दरात पोचायला हव्यात. पर्यावरणाच्या हिशेबातही सोयापेय दुधाच्या पुढे आहे: २०१८ साली सायन्स नियतकालिकात आलेल्या पूअर आणि नेमेचेक यांच्या जागतिक अभ्यासानुसार लिटरभर दुधामागे सरासरी तीन किलोहून अधिक हरितगृह वायू सुटतात, सोयापेयामागे एक किलोच्या आसपास.

पण पारड्यात आणखीही काही आहे. शिरूर, आंबेगाव, जुन्नरच्या गावांत भल्या पहाटे संकलन केंद्रावर किटल्या येतात. प्रत्येकीतला घोटभर नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धाखेरीजचे घन घटक) यांचे आकडे उमटतात, ते ३.५ आणि ८.५ भरले तर पूर्ण दर, पॉइंट घसरला की दरही घसरतो. चाऱ्यापासून धारेपर्यंतचं बरंचसं काम घरातल्या बाईनं केलेलं असतं. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर किराणा आणि मुलांची फी भागते. जुलै २०१८ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या संघटनेनं लिटरमागे पाच रुपयांसाठी राज्यभर दूध रोखलं, ते या बिलासाठीच. कॅलिफोर्नियातून आलेल्या बदामाचं पेय हे बिल भरत नाही.

तेव्हा पुण्यातल्या प्रौढानं करावं काय? शाकाहारी असेल, तर दूध-दही सोडू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दिवसभराच्या ताटात ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरलं आहे. तेवढं रोज घ्यावं, बहुतांश दह्याताकाच्या रूपात, आणि चहातलं दूध त्यात मोजू नये. तेवढ्यानंही बी-१२ ची रोजची गरज निम्म्याच्या आसपासच भागते, म्हणून रक्त तपासून घ्यावं आणि कमी भरलं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्यावी. अंडी-मासे खाणाऱ्याला दुधाची सक्ती नाही. ज्याला जनावरांच्या कणवेपोटी दूध सोडायचं आहे, त्यानं जरूर सोडावं. मात्र ओट-बदामाच्या भरवशावर न राहता सोयाबीन, डाळी, नाचणी, तीळ आणि बी-१२ ची गोळी नेमानं घ्यावी. पुणे परिसरातल्या किशोरवयीन मुलामुलींवर २०१२ पासून झालेल्या 'प्रिया' प्रयोगात रोजच्या अवघ्या दोन मायक्रोग्रॅमनंही पातळी सुधारल्याचं दिसलं आहे. गोळी स्वस्त आहे, ती टाळण्यात कोणतंही तत्त्व जपलं जात नाही.

वनस्पतिजन्य पेयांत बी-१२ आणि कॅल्शियम घालणं कायद्यानं बंधनकारक व्हावं आणि प्रथिनांचा आकडा डब्याच्या दर्शनी बाजूला छापला जावा. सोयाबीन तर आपल्याच लातूर-विदर्भाच्या शिवारात पिकतं, त्याचे एमएसीएस वाण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं घडवले आहेत, आणि तरी त्यातलं बहुतांश तेलाच्या घाण्याला आणि कोंबड्यांच्या खाद्याला जातं. जिल्ह्याच्या दूध संघाकडे शीतसाखळी आहे, पिशव्या भरण्याची यंत्रं आहेत, गल्लोगल्ली विक्रेते आहेत. त्यानं ताकाच्या शेजारी बी-१२ घातलेलं सोयापेय परवडेल अशा दरात ठेवावं, म्हणजे दूध न पिणाऱ्या पुणेकराचा पैसाही महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडेच जाईल.