विश्लेषण : सहलीतल्या प्रत्येक रात्रीची रूम आधी बुक करावी का?

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतून समृद्धी महामार्गाचा येळाकेळी इंटरचेंज फार दूर नाही. त्यामुळे पूर्वी रेल्वेचे रिझर्व्हेशन मिळाले तरच ठरणारी सहल आता घरच्या गाडीने निघते. लोणार, वेरूळ, शिर्डी, नाशिक आणि परतीला शेगाव. पाच-सहा माणसे, सहा-सात दिवस. तारखा ठरल्या की अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, सगळ्या रात्रींची हॉटेले आत्ताच मोबाइलवर बुक करून टाकू. वडील म्हणतात, दिवस मावळेल तिथे लॉज पाहू, आजवर कधी रस्त्यावर झोपलो का?

दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. सगळ्या रात्री बांधून ठेवल्या तर सहल गळ्यात अडकते आणि एकही बांधली नाही तर म्हाताऱ्या आईला घेऊन रात्री दहा वाजता लॉजचे जिने चढावे लागतात. आठवड्याभराच्या सहलीत आधी बुक करण्यासारख्या रात्री दोन, फार तर तीन असतात. त्या कोणत्या, एवढेच घरी बसून शोधायचे.

वडिलांची सवय आता का चालत नाही?

ती सवय जुन्या रस्त्यावरची आहे. अमरावती, अकोला, खामगाव, मलकापूर असे गाव लागत जायचे आणि बसस्टँडजवळ दोन-चार लॉज हमखास असायचे. समृद्धीचे तसे नाही. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. दोन्ही बाजूंनी तो बंदिस्त आहे. गावे दिसतात, पण लागत नाहीत. झोपायची जागा हवी तर कारंजा, मेहकर, जालना अशा ठिकाणच्या इंटरचेंजवरून खाली उतरून गावात जावे लागते. म्हणजे ‘दिसेल तिथे थांबू’ हा बेत इथे ‘कुठे उतरायचे ते आधी ठरवू’ असा बदलावा लागतो. बुकिंग नसले तरी चालेल, उतरायचे गाव मात्र ठरलेले हवे.

मुलाच्या बेतातला धोका वेगळा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. शिर्डीची रूम बुक आहे, पैसे भरले आहेत, रद्द केली तर परत मिळणार नाहीत. घरून निघायला सकाळी सातऐवजी दुपारचा एक वाजला. येळाकेळीपासून शिर्डी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. जेवण, चहा, मुलांचे थांबे धरले तर पोहोचायला रात्र होणार. अशा वेळी शहाणा माणूस जालन्याला उतरून झोपेल. पण भरलेले दोन हजार रुपये त्याला उतरू देत नाहीत. सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्री डोळा लागणे किती सोपे असते, हे चालवणाऱ्याला ठाऊक असते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्या अपघाताचा हॉटेल बुकिंगशी संबंध नव्हता. पण ज्या बुकिंगमुळे रात्री गाडी रेटावी लागते, ते बुकिंग स्वस्त नसते, एवढे तरी त्या रस्त्यावर जाणाऱ्याने धरून चालावे. पहिल्या रात्रीचे बुकिंग करायचेच असेल तर ते जवळचे करावे. लोणार त्यासाठी चांगले.

कोणती रात्र बांधावी?

कसोटी एकच पुरते. अंधार पडल्यावर पोहोचलो आणि समोरचा ‘फुल आहे’ म्हणाला, तर तासाभराच्या अंतरात दुसरे काय आहे? छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अकोला, अमरावती येथे या प्रश्नाला ढीगभर उत्तरे आहेत. साध्या दिवशी तिथे आधी पैसे अडकवण्याचे कारण नाही. उलट रात्र मोकळी असली तर चूक सुधारता येते. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याच्या सोमवारी. हे वाटेत लक्षात आले तर मोकळ्या रात्री पुढे-मागे सरकतात, बुक केलेल्या सरकत नाहीत.

चिखलदऱ्याला उत्तर बदलते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे जागा नसेल तर घाट उतरून परतवाड्याला यावे लागते, तेही धुक्यात. मेळघाटात आत, सेमाडोह किंवा कोलकासला, तर पर्यायच नाही. वन विभागाच्या मोजक्या खोल्या, बाकी जंगल, आणि मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. ‘तिथे गेल्यावर ॲपवर पाहू’ हे वाक्य तिथे निरुपयोगी ठरते. ही रात्र महिनाभर आधी बांधावी.

ताडोब्याला तर क्रमच उलटा लावावा लागतो. आधी सफारी, मग खोली. सफारीचे बुकिंग प्रवेशद्वारानुसार होते आणि सकाळची फेरी उजाडता उजाडता सुटते. खोली मोहर्लीला स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि सफारी कोलारा गेटची निघाली, तर पहाटे जंगलाला बाहेरून वळसा घालत बसावे लागेल. मंगळवारी सफारी बंद असते, हेही खोली घेण्याआधी पाहावे.

तारखांचा हिशेब निराळा. दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ ते ३१ डिसेंबर, १५ ऑगस्टला जोडून आलेला शनिवार-रविवार, हे सर्वांनाच कळते. विसरला जातो तो लग्नाचा मुहूर्त. छोट्या गावात चारच लॉज असतात आणि दाट तिथीला ते वऱ्हाडाने भरतात. निघण्यापूर्वी भिंतीवरचे कॅलेंडर एकदा त्या नजरेने पाहिले, तर ‘इथे कोण येणार’ असा भ्रम राहत नाही.

शेगाव आणि शिर्डी सारखे नाहीत

शिर्डीच्या साई संस्थानच्या खोल्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी बुक करता येतात. गुरुवार आणि सुट्ट्या लवकर संपतात, तेव्हा ही रात्र बांधलेली बरी. शेगावला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात आगाऊ बुकिंग होत नाही. जो येईल त्याला उपलब्धतेप्रमाणे खोली. म्हणून तिथे बुकिंगने नव्हे, वेळेने काम होते. दुपारपर्यंत पोहोचावे, प्रकट दिन, रामनवमी, ऋषिपंचमी टाळावी, आणि नाहीच मिळाली तर अकोला गाठावे.

यातूनच फसवणूक ओळखायची सोपी खूणही मिळते. जिथे आगाऊ बुकिंगच होत नाही, तिथल्या खोलीसाठी फोनवर आगाऊ रक्कम मागणारा माणूस भामटाच असणार. सर्च केल्यावर वर आलेला नंबर हा त्या संस्थेचाच असतो, हे गृहीत धरू नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्यावी.

गाडीतच झोपले तर?

सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. गाडीतच बिछाना, स्वयंपाकघर आणि रात्री उभे राहायला पाणी-वीज असलेले पार्क, अशी ती कल्पना. अमेरिकेत हे इतके रुळले आहे की राष्ट्रीय उद्यानांतल्या कित्येक कॅम्पग्राउंडचे बुकिंग सहा महिने आधी उघडते, आणि तिथली मराठी कुटुंबेही हाच वाद घालतात : बुक करावे की आधी येईल त्याच्या जागेवर नशीब आजमावावे? विदर्भातल्या कुटुंबाला हा पर्याय अजून कागदावरचा आहे. घरच्या गाडीत काचा बंद करून, इंजिन-एसी चालू ठेवून झोपणे हा पर्याय नव्हेच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर कळतही नाही.

तेव्हा सात दिवसांच्या या सहलीत लोणार आणि शिर्डी बांधावी, नाशिक आणि संभाजीनगर मोकळे ठेवावे, शेगावला दुपारी पोहोचावे. बुकिंग करताना शक्यतो रद्द करता येणारा दर घ्यावा, थोडा महाग असला तरी, आणि रद्द करायची शेवटची तारीख फोनच्या अलार्ममध्ये टाकावी. आई-वडील सोबत असतील तर खोली तळमजल्यावर आहे का आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत येते, हे ॲपवर न पाहता फोन करून विचारावे. पोहोचायला उशीर होणार असेल तर संध्याकाळीच कळवावे. छोट्या गावातला लॉजवाला आठनंतर वाट न पाहता चावी दुसऱ्याच्या हातात देऊ शकतो.