लिहिणाऱ्याला ऐकणारा हवा

गावात कुणी कविता करतो असं कळलं, की पारावर आधी हसू होतं. ‘नांगर सोडून लेखणी धरली काय?’ असा टोमणा बसतो आणि पोरगं वही ट्रंकेत टाकून गप्प होतं. यात तोटा गावाचाच आहे.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरचं, शेतातलं काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती ऐकून कागदावर उतरवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. घरात टिपणारं कुणी नसतं, तर हे धन त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

असं ऐकणारं मंडळ गावोगाव उभं राहू शकतं. त्याला ना मंडप लागतो, ना पाहुणा, ना हारतुरे. महिन्यातून एक संध्याकाळ, वाचनालयाची खोली, सतरंजी नि दिवा एवढं पुरे. सुगी उरकली की सुरुवात करावी. एकानं वाचावं, बाकीच्यांनी आधी आवडलेलं सांगावं, मग चूक दाखवावी. लिहिता न येणाऱ्या आजीच्या ओव्या शाळेतल्या मुलांनी उतरून घ्याव्यात, खाली तिचं नाव घालावं.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी खोलीची किल्ली द्यावी आणि पहिल्या बैठकीला सतरंजीवर येऊन बसावं. गावचे कारभारीच ऐकायला बसले, की पारावरचं हसू आपोआप थांबेल.