डाव परत मांडू द्या

आम्ही जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतले शिक्षक आजपासून ही चळवळ उभी करत आहोत. मागणी एकच: मुलाला वर्गात चुकायची मुभा हवी. संगणकीय खेळ आम्हाला हवेत ते त्यासाठी, करमणुकीसाठी नव्हेत.

आठवीचा धाराविद्युतीचा पाठ घ्या. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप, आकृती फळ्यावर. मुलं ती वहीत उतरवतात आणि परीक्षेत पुन्हा काढतात. त्याऐवजी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातला विद्युत परिपथ पडद्यावर लावा. एक मुलगी घटाची दोन टोकं नुसत्या तारेने जोडते आणि भडका उडतो. वर्ग ओरडतो. ती तार काढते, मध्ये दिवा घालते; आता दिवा लागतो. शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे मग सांगावं लागत नाही. ते का झालं, हे सांगायचं उरतं, आणि ते काम आमचं. हे सगळं फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही.

‘आधी प्रत्येकाला टॅब द्या’ हे कारण आम्ही ऐकणार नाही. १९७१ साली मिनियापोलिसमध्ये डॉन रॅविच या शिकाऊ शिक्षकाने दोन मित्रांच्या मदतीने आठवीच्या इतिहासासाठी ‘ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ रचला. त्याच्याकडे स्क्रीनसुद्धा नव्हता. टेलीप्रिंटर कागदावर उत्तरं छापायचा आणि मुलं त्याभोवती गर्दी करायची.

जुन्या स्वाध्यायपुस्तिकेवर नाणी, बिल्ले आणि क्रमवारी चिकटवून शाळांना विकतात, त्याला मात्र आम्ही खेळ म्हणत नाही. घोकणारा तिथेही पहिला, चाचरणारा तिथेही शेवटचा. फक्त त्याचा नंबर आता सगळ्या वर्गाला रंगीत दिसतो. असली ॲप्स आमच्या वर्गात येणार नाहीत. जाहिराती दाखवणारी आणि मुलांची माहिती गोळा करणारीही नाहीत. 

बालभारतीने पुस्तकांत क्यूआर कोड आणले, चांगलं केलं. आता त्यामागे नुसते व्हिडिओ नकोत; मुलाने काही केलं की उत्तर देणारे खेळ हवेत, मराठीत, आणि ते रचताना शिक्षक सोबत हवेत.

तोवर शासनाची वाट पाहू नका. शाळेतल्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमाचा एक तास घ्या, एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर मिळवा, आणि माऊस आधी मागच्या बाकावर द्या.