भाकरीवरचे खटले : बीडच्या ताटाचा इतिहास (थ्रेड)

१/ “पूर्वज ज्वारी-बाजरीची भाकरी खात, म्हणून शंभर वर्षे जगत” हे वाक्य हल्ली सिद्धांतासारखे फिरते. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १९५१ च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. बालमृत्यू आणि साथी यांचा त्यात मोठा वाटा होता हे खरे. पण नुसत्या भाकरीने त्यांना रोखले नाही, हेही तितकेच खरे.

२/ याच ज्वारीला विज्ञानाने एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. १९६० मध्ये हैदराबादचे संशोधक सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळे. ज्वारीतील ल्युसिनचे आधिक्य हे त्याचे कारण असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

३/ १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेले बीड याच ज्वारीच्या पट्ट्यातले. मात्र ल्युसिनचा सिद्धांत पुढे वादग्रस्त ठरला. नंतरच्या सर्व प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली नाही.

४/ त्याआधीच अमेरिकेच्या दक्षिण भागात जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४-१५ मध्ये दाखवले होते, की मक्यावर जगणाऱ्या अनाथ मुलांच्या ताटात दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय धान्य आले की पेलाग्रा हटतो. दोष एका धान्यापेक्षा ताटातल्या रिकाम्या जागेचा अधिक होता.

५/ १९७२ च्या दुष्काळात बीडमध्ये ती भाकरीही दुर्मीळ झाली. रेशनवर परदेशी लाल मिलो आली. खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळाली. ‘काय खावे’ हा प्रश्न विचारण्याची चैन तेव्हा कोणाला होती?

६/ विद्वानांतही एकमत नव्हते. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० कॅलरी हा दारिद्र्याचा निकष मांडला. पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी मोजणे चूक. दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला. एका आकड्यावर भुकेल्यांची गणती ठरणार होती. म्हणूनच तो वाद इतका तीव्र झाला.

७/ आजचा वाद मात्र भरल्या ताटांचा आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा म्हणतात. बीडचा ऊसतोड कामगार पहाटे भाकऱ्या बांधून फडात उतरतो; त्याच्या जेवणाची वेळ कोयता आणि गाडी ठरवतात. दोन्ही सल्ल्यांत तो कोठेच नाही.

८/ २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरले आणि ज्वारी ‘श्रीअन्न’ झाली. साठ वर्षांत दाणा बदलला नाही. त्याच्याविषयीचा निवाडा बदलला. भाकरीत तंतू आहेत, खनिजे आहेत. तिची थोरवी मान्य करावी. पण आहाराचा कोणताही दावा समोर आला, की आधी विचारावे : हा प्रयोग कोणावर झाला, आणि भाकरीसोबत त्यांच्या ताटात डाळ, भाजी, दूध होते का?