कर्करोग्याच्या ताटाचे काय?

नाशिकची द्राक्षे परदेशात जातात, नाशिकचा कांदा देशभर जातो. पण त्याच बागांत, त्याच खळ्यांवर रोजंदारी करणाऱ्या मजुराच्या घरात कॅन्सर शिरला, तर त्याच्या ताटात काय पडते? हा प्रश्न सरकार विचारत नाही आणि दुर्दैवाने आपणही विचारत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी जाहीर केले की, लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि उपवास यांच्या बळावर आपल्या पत्नीने चौथ्या टप्प्यातील कॅन्सरवर मात केली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी तातडीने निवेदन काढले. अशा उपायांनी कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, उपचार टाळू नका, असे त्यांनी बजावले. मग हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांच्या जोडीने होता, असा खुलासा सिद्धूंनाही करावा लागला. पण अफवा वस्तीत आधी पोचते, खुलासा मागाहून. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही बुद्धाची शिकवण आपण विसरलो, तर बुवाबाजी नव्या वेषात घरात येणारच.

मग आहाराला महत्त्व नाही का? आहे, आणि फार मोठे आहे. आहार कॅन्सर मारत नाही. उपचार सोसण्याची ताकद देतो. हा आजार अंगावरचे मांस झिजवतो. केमोथेरपीने मळमळ होते, तोंड येते, घास गिळवत नाही. वजन घसरले की डोस कमी करावा लागतो, कधी पुढे ढकलावा लागतो. म्हणून अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिने हवीत, असे वैद्यकशास्त्र सांगते. पन्नास किलोच्या बाईला पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम! एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सुमारे सात. आता चटणी-भाकरीवर दिवस काढणाऱ्या घराने हा हिशेब कसा जुळवायचा? अशा बाईला उपवासाचा सल्ला देणे म्हणजे क्रूर थट्टाच आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन मिळते. रुग्णालयात दाखल असेपर्यंत जेवणही मिळते. पण उपचार अनेक महिने चालतात आणि त्यातले बहुतेक दिवस रुग्ण घरीच असतो. मजुरी बुडालेली असते. सोबतीला जाणाऱ्याचीही बुडते. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईच्या फेऱ्या मारण्यात उरलेसुरले संपते. पहिली काटछाट होते ती ताटात.

क्षयरोग्याला सरकार २०१८ पासून पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये देऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. अन्न हा उपचाराचाच भाग आहे, हे सरकारने तिथे मान्य केले. मग गरीब कर्करोग्याच्या बाबतीत ते अमान्य का? उलट याच राज्यात जानेवारी २०२५ मध्ये शाळकरी मुलांच्या अंड्यांसाठीचा सरकारी निधी बंद झाला. अंडे कुणाला चालते आणि कुणाला नाही, यावर इथे वाद रंगतात. ते कुणाला मिळत नाही, यावर कुणी बोलत नाही. आणि ज्यांना मिळत नाही ते कोण, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आळवी नगरीत एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी बुद्धाच्या प्रवचनाला आला. तथागतांनी त्याला आधी जेवू घातले, मग धम्म सांगितला. डॉक्टरांच्या उपदेशालाही हाच क्रम लागू आहे.

म्हणून मागणी साधी आहे. उपचार चालू असलेल्या प्रत्येक गरीब कर्करोग्याला दरमहा पोषणभत्ता द्या. डाळ, शेंगदाणे, तेल, अंडी यांचा शिधा द्या. जिल्हा रुग्णालयात आहारतज्ज्ञाचा सल्ला मोफत द्या. आणि वस्तीतील कार्यकर्त्यांनी तंबाखू-मिश्री सोडवण्याबरोबरच एवढेही करावे : रुग्णाला भेटायला जाताना अंगारा नेऊ नये, डझनभर अंडी न्यावीत.