बारा महिन्यांचं एकच वेळापत्रक अकोल्यात टिकत नाही

मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने ३१ तारखेपर्यंत कलम १४४ लावलं. एरवी दंगल-मोर्चासाठी निघणारं कलम उन्हासाठी निघालं. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, खासगी शिकवण्यांनी भर दुपारचे वर्ग टाळा, असे आदेश होते. प्रशासनाला जे कळलं, ते घरोघरच्या आरोग्याच्या संकल्पांपर्यंत मात्र पोहोचलेलं दिसत नाही.

जानेवारीत अकोल्याच्या जठारपेठेत सकाळी कानटोप्या आणि मफलर बांधून फिरायला निघालेली माणसं दिसतात. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आठ वाजताही हवेत गारवा असतो. सहाला उठायचं, तासभर चालायचं, मग योगासनं, मग मोड आलेले मूग, असा कागद फ्रिजवर चिकटतो. मार्च सरता सरता तो कागद मोडीत निघतो. मे महिन्यात सूर्य पावणेसहालाच वर आलेला असतो आणि साडेसातला डांबरी रस्ता तापू लागतो. मध्यरात्री कूलरची टाकी आटली की उकाड्याने झोपेचं खोबरं होतं. अशा रात्रीनंतर गजर बंद करून झोपणारा माणूस स्वतःला आळशी म्हणवून घेतो. दोष त्याचा नाही. थंडीत आखलेला दिवस त्याने उन्हाळ्यातही तसाच ओढायला घेतलेला असतो.

हे जुन्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा अध्याय संपतो आणि लगेच ऋतुचर्येचा सुरू होतो. त्यातला एक नियम तर प्रत्येक व्यायामशाळेच्या दारावर लावण्याजोगा आहे: अंगात बळ आहे, खाण्यात तूप-तेल आहे, अशा माणसानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, बाकीच्या ऋतूंत त्याहूनही हलका. म्हणजे मे महिन्यात कमी करणं हे शास्त्राला धरूनच आहे.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला; कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. आता हे अकोल्याच्या कॅलेंडरवर मांडून पाहावं. १ जानेवारीला धरलेली सवय मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुठे मुरू लागते, आणि नेमकं तेव्हाच वऱ्हाडात ऊन चढायला लागतं. याच अभ्यासाने दिलासाही दिला आहे: एखादा दिवस चुकला म्हणून सवय विस्कटत नाही.

म्हणून वेळापत्रकं दोन असावीत, आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक फेब्रुवारीतच तयार असावं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. रोजची ती जेमतेम २२ मिनिटं होतात आणि सलग करायची सक्तीही नाही. सूर्य उगवायच्या आत खोलीतच थोडे सूर्यनमस्कार, रात्री जेवणानंतर गल्लीत दोन-चार फेऱ्या, एवढ्याने उन्हाळा निभावतो. घड्याळाच्या काट्याला बांधलेली सवय ऋतूबरोबर सुटते. पहिल्या चहाला किंवा रात्रीच्या जेवणाला बांधलेली बाराही महिने तग धरते. सोबत असेल तर आणखी बरं. ती आखाड्यात मिळते; अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून उभं आहे. आखाड्यात चार दिवस दिसला नाही, तर गड्याची चौकशी होते. मोबाइलमधलं पावलं मोजणारं ॲप ती करत नाही.

पण हे सगळं ज्याच्या हातात स्वतःची सकाळ आहे त्याच्यासाठी झालं. घरातल्या बाईची सकाळ तिच्या हातात नसते. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की डबा तासाभराने अलीकडे येतो. त्याच दिवसांत कुरडयांचा गहू भिजत असतो, गच्चीवर पापडांचं वाळवण असतं. आणि नळ. अकोल्याला काटेपूर्णा धरणातून पाणी येतं, तेही रोज नाही, काही दिवसांच्या अंतराने. नळाच्या दिवशी गुंड, बकेटा, ड्रम, कूलरची टाकी, सगळं त्या तेवढ्या वेळात भरून घ्यावं लागतं. अशा बाईला ‘स्वतःसाठी अर्धा तास काढा’ असं सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणं आहे. तिची दिनचर्या टिकायची असेल तर आधी कामांची वाटणी व्हायला हवी, आणि ती बोलून, ठरवून व्हायला हवी. नळाच्या दिवशी पाणी भरणं नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी घ्यावं, सकाळच्या शाळेचा डबा आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या कुणीतरी भरावा. फ्रिजवर कागद चिकटवायचाच असेल, तर त्यावर सगळ्यांत वर ही नावं लिहावीत: नळाचं पाणी कोण भरणार, डबा कोण करणार. तिचं चालणं त्याच्या खालच्या ओळीत यावं.